वन्संचे पाण्यावरचे घर

वन्सं, तुम्ही गेल्यापासून माझ्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलेले नाही. पहिले काही दिवस बरे वाटले. खोटे कशाला सांगू? पण परवा वालाच्या बिरड्यात माझ्या हातून मीठ दोनदा पडले आणि तुमच्या बंधूंनी ते निमूट खाल्ले, वर ताकसुद्धा मागितले नाही. तेव्हा मला तुमची पहिल्यांदा खरी आठवण झाली. तुम्ही असतात तर उंबऱ्यावरूनच म्हणाला असतात, "कल्याणकरणीला मीठ माहेराहून फुकट येतं वाटतं!" मी म्हणाले असते, "ठाण्याच्या जिभांना एकदा घातलेलं कळत नाही म्हणून दोनदा घालते." मग दुपार छान गेली असती.

माणूस गेले की त्याच्याविषयी लिहितात ते मी वाचले आहे. जन्म कुठला, व्रते कोणती, दानधर्म काय केला, आणि रामनाम घेत प्राण कसा सोडला. तुमच्याविषयी मला यातले काही लिहायचे नाही. शेवटी तुम्ही रामनाम घेतले नाहीत. काढ्यात सुंठ जास्त झाली, असे म्हणालात. आणि झाली होती. तुम्हाला वाचता येत नव्हते, तरी हे मी तुम्हालाच लिहिते. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकण्याआधी उत्तर द्यायची तुम्हाला सवयच होती, तेव्हा अडचण पडणार नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही इथे होतातच. आठव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरे, आणि तेव्हापासून ठाण्यालाच; आधी वडिलांच्या, मग भावाच्या घरात. तुम्ही त्यांची थोरली बहीण, मी धाकट्या भावाची बायको. सोवळ्यातला स्वयंपाक तुमच्याकडे, किल्ल्या माझ्याकडे, आणि भांडण दोघींच्या सामाईक मालकीचे. बिरड्यात गूळ किती, पापडाच्या पिठात खार किती, मोरी आधी धुवायची की अंगण, एवढ्याशा गोष्टीवरून आपण सकाळ घालवत असू. आणि भांडण रंगात आले, मी जिंकणार असे दिसू लागले, की तुम्ही पदर झटकून उठत होतात.

"मी इथं पाहुणी आहे, दुर्गे. माझं घर मुंबईला आहे. पाण्यावर."

एवढे बोलून तुम्ही मागच्या पडवीत जाऊन बसत होतात, खाडीकडे तोंड करून. जेवायची वेळ झाली की मलाच बोलवायला यावे लागे. भांडण जिथल्या तिथे राही. या घरात अर्धवट भांडणे इतकी साठली होती की नवे कोणते आणि मागचे कोणते, हे आपल्या दोघींनाही सांगता आले नसते.

ते घर म्हणजे माझगावचे तुमचे सासर. लग्न झाल्यावर तुम्ही तिथे चार रात्री राहिलात आणि माहेरी परत आलात. मोठ्या झाल्यावर न्यायचे ठरले होते, ते राहून गेले. पुढे त्यांनी कधी बोलावले नाही, आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्या तुम्ही नव्हेत. पण त्या चार रात्रींचे घर तुम्ही असे सांगत होतात की मला ते माझ्या माहेरापेक्षा पाठ झाले होते. पुढच्या अंगाला हिरवा लाकडी सज्जा, खाली दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, भरतीला शेवटच्या पायऱ्या बुडत आणि ओहोटीला त्यांच्यावर हिरवे शेवाळ दिसे. सज्ज्यात बसून तुम्ही शिडे मोजली होती. आठ वर्षांच्या पोरीला मागून कुणीतरी हाक मारली होती, "सूनबाई, आत या," आणि ती सूनबाई म्हणजे आपण, हे तुम्हाला जरा वेळाने कळले होते.

भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला मान ताठ ठेवायला काहीतरी लागते. तुम्हाला ते घर होते. मला हे कळत होते, म्हणून भांडणात मी काहीही बोलले तरी त्या घराला कधी हात लावला नाही. एकदा फक्त "मग जा ना," असे म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बोलावणं आलं की जाईन."

मग सोनीमुळे ते बोलणे निघाले. बाळकुमची सोनी; आपल्याकडे भाजी घेऊन येई आणि तिचा नवरा धर्मा तांडेल मिठागरावरचे मीठ आपल्या मचव्यातून मुंबईला नेई. तिच्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही ओट्यावर बसून तिच्या सासूला काय खायला घालायचे आणि काय नाही ते ओरडून सांगितले होते, तेव्हापासून ती तुम्हाला मानत होती. त्या दिवशी टोपली उतरवून ती ओट्याखाली बसली आणि तुम्ही सहज विचारलेत, मचवा कोणत्या वाटेने जातो.

"माजगावावरशीच जातो ना बाय."

वाल निवडणारा तुमचा हात थांबला. "मग तिथं पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात का गं? वर हिरवा सज्जा?"

"मी कवा गेले नाय. यांना इचारलं तं ते म्हनतील, मना वारा बगाला लागतो, सज्जे नाय." मग ती हसून म्हणाली, "तुमीच चला ना. नवा शीड लावलाय, मीठ भरावाचे आधी रिकामा मचवा नेऊन बगावाचा हाय. मी पन जाते."

मला वाटले, तुम्ही उडवून लावाल. तुम्ही वालाचे सूप बाजूला ठेवलेत.

त्या संध्याकाळी तुमच्यात आणि तुमच्या बंधूंत झालेली बोलाचाली मी दाराआडून ऐकली. ते म्हणाले, "आक्का, एवढी इच्छा असेल तर मी सासरी निरोप धाडतो."

"निरोप धाडून मिळालेलं बोलावणं ते बोलावणं नव्हे, आप्पा."

"मग आगगाडीनं जाऊ. भायखळ्याला उतरू. रस्त्यावरून पाहून ये."

"रस्त्यावरून? सासरच्या घरापुढून मान वर करून चालत जाऊ? कुणी पाहिलं तर म्हणतील, आली वाटा मागायला. पाण्यावरून पाहिलं तर कोण काय म्हणणार? पाणी कुणाच्या सासऱ्याचं नाही."

कचेरीत दिवसभर अर्जांवर शेरे मारणारा माणूस, पण तुमच्यापुढे त्यांचा एकही शेरा टिकला नाही. तरी ते नको नको म्हणतच राहिले. आता पाणी खवळलेले असते (माघात?), मचवा जुना आहे (शीड नवे होते), आळीतले लोक विचारतील, विधवा बाई सहलीला कशी गेली. शेवटच्यावर तुम्ही म्हणालात, "सांग घारापुरीला देवदर्शनाला गेली." मला तेव्हा वाटले, भाऊ बहिणीच्या काळजीने बोलतो आहे. ते कशाच्या काळजीने बोलत होते, ते नंतर कळले.

तुमच्याबरोबर मी जायचे ठरले, कारण कुणीतरी जायलाच हवे होते. उजाडता उजाडता आपण चेंदणीच्या बंदरावर पोचलो. तुमच्या अंगावर स्वच्छ धुतलेले आलवण, हातात तांब्याची कळशी, काखेत धाबळी. लोकरीला विटाळ नाही म्हणून ती धाबळी तुम्ही मचव्यात पसरलीत आणि तिच्यावर अशा बसलात की मचवा तुमच्या माहेरून आंदण आला असावा.

धर्मा म्हणाला, "बाय, जरा मंदी सरा, शीड फिरंल."

"शीड फिरलं तर मी वाकेन. धाबळी हलायची नाही."

"शीड काय धाबळी बगून फिरतं?" सोनी म्हणाली. त्यावर धर्मा पाठ फिरवून हसला, आणि तुम्ही अंगुळभर सरकलात. तुम्हाला कुणी हलवलेले मी तेवढेच पाहिले.

ओहोटीबरोबर मचवा भराभर खाली निघाला. दोन्ही काठांना तिवरांची झाडे, त्यांच्यामागे मिठाचे पांढरे ढीग उन्हात चकाकत होते. मी कल्याणची; आमच्या दारापुढे खाडी, माझे अर्धे लहानपण बंदरावर गेले. तुम्ही ठाण्याच्या ओट्यावर जन्म काढलेल्या. आणि तुर्भ्याच्या डोंगराजवळ लाटा लागल्याबरोबर ओकारी कुणाला आली? मला. तुम्ही कनवटीची आवळकाठी काढून माझ्या तोंडात कोंबलीत. "कल्याणचं बंदर एवढंच का गं?" असे विचारलेत, आणि सोनीला सांगितलेत, "हिचं डोकं धर, कडेला फार वाकली तर जाईल. हिच्याजवळ किल्ल्या आहेत."

डाव्या हाताला घारापुरीचा डोंगर दिसला तसे तुम्ही बसल्या जागेवरून हात जोडलेत. "झालं दर्शन. आप्पाचं बोलणं खरं झालं. आता माझगाव."

शिवडीचा किल्ला गेला, पुढे पाणी रुंद झाले, आणि समोर मुंबई उभी राहिली. आगगाडीतून मुंबई दिसते ती मागच्या दाराने, मोऱ्या आणि वाळत घातलेली धोतरे यांच्यामधून. पाण्यावरून ती पहिल्यांदा पुढच्या दाराने दिसली. ओळीने इमारती, त्यांच्यामागे इमारती, परळाकडे गिरण्यांची धुराडी, आणि काठाला डोलकाठ्यांची एवढी गर्दी की कुणी पाण्यात बांबूचे बेट लावले आहे असे वाटावे. मी आ वासून पाहत होते. तुमचे तिकडे लक्षच नव्हते. तुम्ही एक टेकडी शोधत होतात.

"ती बघ. माझगावची टेकडी. तीच ती. आता तिच्या उजव्या अंगाला पाणी टेकडीच्या पायाशी येतं, तिथंच."

धर्माने मचवा जमेल तेवढा आत घेतला. टेकडी होती. पण तिच्या पायाशी पाणी नव्हते. पाणी आणि टेकडी यांच्यामध्ये सपाट जमीन होती, जमिनीवर गुदामे, गुदामांवर लोखंडी पत्रे, आणि पुढे गोदीची दगडी भिंत. माझी नजर चांगली आहे. मी दोनदा पाहिले. धर्मा शिडाच्या दोरीशी उगीच काहीतरी करत राहिला. त्याने कितीदा ती वाट केली होती, त्याला तिथे सज्जा आठवत नव्हता, हे त्याच्या पाठीवरून दिसत होते.

आता लिहायला हरकत नाही, वन्सं. त्या घटकेला मला तुमची दया वगैरे आली नाही. मला भीती वाटली. हे घर नाही म्हटल्यावर ही बाई उद्यापासून कशाच्या जोरावर भांडणार? आणि भांडणार नाही, तर माझ्या घरात ही अशीच मान खाली घालून भाकरी खाणार? ते माझ्याने पाहवले नसते. एक क्षण वाटले, दाखवावा एखादा हिरवा खांब आणि म्हणावे, तेच. पण तुम्हाला थाप मारून ती टिकवणे म्हणजे जन्मभराचे काम झाले असते. मी म्हणाले, "वन्सं, घर नाही. तिथं गुदामं आहेत."

"तुला मळमळतंय. तुला काय दिसणार?"

"मळमळ पोटात आहे, डोळ्यांत नाही."

तेवढ्यात माल नेणारा एक पडाव जवळून चालला होता. त्याच्यावर एक म्हातारा वल्हे मारत होता. धर्माने त्याला हाक घातली आणि तुमचे वर्णन जसेच्या तसे ओरडून विचारले. म्हातारा वल्हे थांबवून टेकडीकडे पाहत राहिला.

"पायऱ्यांचं घर? ते गेलं कवाच! गोदी बांधाचे टायमाला दरयान भरनी टाकली ना, तवा सगली घरा पाडली."

तुम्ही स्वतः उभ्या राहिलात. धाबळीवर, एका हाताने डोलकाठी धरून. "आणि पायऱ्या? दगडाच्या होत्या त्या. दगड कुठं गेले?"

"त्याच भरनीन टाकले आसतील, बाय. दगड कोन वाया घालवतो?"

"म्हणजे घर आता पाण्यात आहे?"

"पान्यान नाय. पान्याचे जाग्यावर हाय," म्हातारा म्हणाला आणि निघून गेला.

तुम्ही खाली बसलात. मी मनात वाक्ये जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हते. मग तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटले, रडता आहात. पुढे वाकून पाहते तो तुम्ही हसत होतात.

"लोक फार तर घर विकतात गं. माझ्या सासरच्यांनी समुद्र विकला!"

आणि मग तुम्ही डबा सोडायला सांगितलात. तुपातल्या दशम्या, वर चिंचेचा ठेचा. माझ्याने एक घास गिळवेना. तुम्ही पोटभर खाल्लेत. कळशीतले पाणी प्यालात. तोंड पुसलेत. धर्माने विचारले, "फिरवू का माघारी, बाय?"

"माघारी कशाला? भरतीला अवकाश आहे म्हणालास ना? एका घरासाठी आले होते, ते काही दिसलं नाही. आता बाकीची मुंबई दाखव. सगळी."

त्यानंतरचा वेळ मी कधी विसरणार नाही. नवे शीड वाऱ्याने फुगले होते आणि धर्मा मचवा काठाकाठाने नेत होता. आगबोटी अशा उभ्या होत्या की खालून पाहताना मान दुखावी. एका आगबोटीच्या कठड्यावर गोरे खलाशी कपडे धूत होते, तुम्ही त्यांचे पिळणे पाहून म्हणालात, "अर्धं पाणी आतच ठेवतात. वाळायला चार दिवस." धुराड्यांकडे पाहून म्हणालात, "एवढ्या चुली, आणि एकीवरही भात नाही." कोटातल्या इमारती आल्या, नक्षीच्या, कमानीच्या, आणि त्यांच्या माथ्यावरून तो घड्याळाचा उंच मनोरा दिसला, तेव्हा मात्र तुम्ही मान उंच करून पाहत राहिलात. मग म्हणालात, "एवढ्या उंचावर घड्याळ कशाला? घरातल्या बाईला वेळ विचारायला मान कोण वर करू देतो?"

"ते कचेरीतल्या पुरुषांसाठी असेल," मी म्हणाले.

"मग बरोबर. त्यांना जवळचं दिसत नाही."

अपोलो बंदरावर साहेब आणि मडमा छत्र्या घेऊन वारा खात उभे होते. आपला मचवा जवळून गेला तेव्हा त्यांच्यातल्या एका मडमेने तुमच्याकडे बोट दाखवले. लाल आलवणातली, मुंडन केलेली म्हातारी, मचव्याच्या मधोमध धाबळीवर बसलेली. त्यांच्या दृष्टीने मुंबईतल्या पाहण्याजोग्या गोष्टींपैकी एक. मला राग आला. तुम्ही तिला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलेत, घट्ट आवळलेल्या कमरेशी जरा जास्त वेळ थांबलात, आणि म्हणालात, "हिला जेवता कसं येत असेल?" सोनी हसून हसून मचव्याच्या फळीवर आडवी झाली. दूर कुलाब्याच्या टोकाला दांडीवरचे दीपगृह दिसत होते. तिथवर चल म्हणालात, पण धर्माने मान हलवली. पुढे उघडा दर्या, आणि बाया बरोबर असताना तिथे मचवा घालायचा नाही, असे म्हणाला.

परतीला भरतीचे पाणी आणि पाठीशी वारा. तुम्ही सोनीला बिरड्यात गूळ किती घालतेस असे विचारलेत आणि तिने "आमी घालीतच नाय" असे सांगितल्यावर माझ्याकडे विजयाने पाहिलेत.

ठाण्याच्या बंदरावर तुमचे बंधू कंदील घेऊन उभे होते. दिवस पुरता मावळलाही नव्हता. त्यांनी मला काही विचारले नाही. तुमच्याकडे पाहत म्हणाले, "पाहिलंस, आक्का?"

"पाहिलं. तुला ठाऊक होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"गोदीचं काम निघालं तेव्हापासून. ते सगळे गिरगावात राहायला गेले."

"आणि मला बोलला नाहीस."

ते कंदिलाची वात उगीच वरखाली करत राहिले. म्हणाले, "तू त्या घराचं बोलायचीस ना, तेव्हा अगदी आईसारखी दिसायचीस."

तुम्ही त्यांच्या हातातला कंदील काढून घेतलात आणि पुढे चालू लागलात. घरी आल्यावर मी त्यांना म्हणाले, "निदान मला तरी इकडून सांगायचं." तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर पुढच्याच भांडणात तू ते काढलं असतंस." माझ्यावर असा अविश्वास! मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी नीट विचार केला. काढले असते.

पुढचे भांडण मात्र लवकर येईना. तुम्ही मी केलेले खात होतात, मी ठरवलेले ऐकत होतात. मोरी आधी धुतली तरी काही नाही, अंगण आधी झाडले तरी काही नाही. ज्याची भीती वाटत होती तेच होते आहे असे मला वाटू लागले. मग मी होळीच्या आधी मुद्दाम बिरड्यात मूठभर गूळ घातला.

तुम्ही वास घेतलात. "हे काय आहे?"

"बिरडं."

"हे बिरडं नव्हे, हे बारसं आहे! वाटा साऱ्या आळीला!"

मग जुंपली. कल्याण निघाले, ठाणे निघाले, माझी आई निघाली, तुमची आजी निघाली. मी जिंकत आले. तुम्ही पदर झटकलात, उठलात, म्हणालात, "मी इथं पाहुणी—" आणि तिथेच थांबलात. पळी हातात धरून मी तुमच्याकडे पाहत राहिले. तुम्ही पडवीच्या दाराकडे पाहिलेत, माझ्याकडे पाहिलेत, आणि पाट ओढून पुन्हा बसलात.

"आता उठून जायला जागा नाही. तेव्हा तूही बस. हे आज संपवूनच उठायचं."

आणि आपण संपवले. चुलीवरचा भात लागला तरी संपवले. गूळ लिंबाएवढा, त्याहून मोठा नाही, पण त्याहून लहानही नाही. असा निकाल झाला. तुमच्या-माझ्या संसारातला तो पहिला निकाल. त्यानंतरची सगळी वर्षे आपण प्रत्येक भांडण बसून शेवटपर्यंत नेले. मागची साठलेलीसुद्धा एकेक करून बाहेर काढली. त्यांतली बरीचशी तुम्ही जिंकलात, हे मी आता मान्य करते, कारण तुम्हाला ऐकू येणार नाही. पाहुणी हा शब्द मात्र पुन्हा कधी तुमच्या तोंडून निघाला नाही. मग हे घर कुणाचे, हे तुम्ही मला कधी विचारले नाहीत, आणि मीही आपण होऊन कधी सांगितले नाही. दोघींना एवढे बोलता येत होते, पण तेवढे राहिले.

तुम्ही गेलात त्या दिवशी भटजी आले आणि त्यांनी नेहमीचे विचारले. सासरी कळवले का? सुतक त्यांना दहा दिवस. लग्न झालेली बहीण, भावाच्या घरी गेली, तेव्हा भावाला तीन. तुमच्या बंधूंनी मान हलवली. गिरगावला माणूस धाडलाच होता. तो परत आला; त्यांनी ऐकून घेतले, बरे म्हणाले.

मी आतून बाहेर आले. पुरुषांच्या बोलण्यात मी बाहेर येत नाही, पण आले. म्हणाले, "या घरात पुरतं सुतक धरायचं आहे."

भटजी म्हणाले, "अहो बाई, सुतक वाढवू नये असं शास्त्रच सांगतं. त्यांचं गोत्र सासरचं. त्यांचं घर ते."

"त्यांचं घर मी पाहून आले आहे. तिथं गुदाम आहे. गुदामानं दहा दिवस सुतक पाळायचं का?"

तुमचे बंधू भिंतीकडे तोंड करून उभे होते. भटजींनी त्यांच्याकडे पाहिले. ते तसेच उभे राहून म्हणाले, "ती म्हणते तसं करा."

आता तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. ऐन फाल्गुनात, बाहेर असे कडकडीत ऊन पडलेले, वर्षाची साठवण करायचे दिवस, आणि दहा दिवस पिठाला हात नाही, लाटणे नाही, वाळवण नाही! आळीतल्या बाकीच्या बायकांच्या गच्च्या पापडांनी भरल्या आणि मी ओट्यावर हातावर हात ठेवून बसून होते. कुणी दारात आले की लांबूनच विचारत, अजून सुतक? मी म्हणत होते, अजून. सोनी टोपली घेऊन आली तीही पायरीखाली थांबली आणि बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "म्हंजे बाय घरचीच होती."

"नाही तर कुणाची?" मी म्हणाले.

उडीद काल निवडायला घेतले आहेत. यंदा पापड उशिरा होतील, वन्सं. होऊ देत.